उठावाचं लेबल बर्फात टिकवायचं असेल तर

लेबलचं डिझाइन मोबाइलवर तयार असतं, बाटली मात्र अजून ठरलेली नसते. कोकम सरबत, पन्हं, आवळा, कोल्ड कॉफी असं छोट्या प्रमाणावर भरणारी बरीच मंडळी लेबलसाठी माझ्याकडे अशीच येतात. नाव उठावाचं हवं, त्यावर सोनेरी फॉइल हवं, भोवती नक्षीची चौकट, तीही उठावाची. बाटली कुठली, असं विचारलं की उत्तर येतं, ‘ती काय, मस्जिद बंदरला मिळेल.’ घोडं पेंड खातं ते इथेच.

उठाव म्हणजे कागद खालून वर ढकलणं. कागदामागचा गमही त्याच्यासोबत वर जातो. त्यामुळे जिथे उठाव, तिथे लेबल बाटलीला टेकलेलंच नसतं, खाली पोकळी असते. उठाव जितका जास्त, तितकी चिकटलेली जागा कमी. हा हिशेब डोक्यात ठेवला तर पुढच्या टप्प्यांचा क्रम असा का, ते आपोआप कळेल.

टप्पा १: बाटली कुठे कुठे भिजणार ते आधी लिहून काढा

अर्धा तास द्या आणि बाटलीचा प्रवास लिहा. सरबत गरम भरता की गार? लेबल भरण्याआधी लावणार की नंतर? दुकानात बाटली फळीवर उभी राहणार, फ्रिजमध्ये, की लग्नाच्या हॉलमध्ये बर्फाच्या टबात? रिकामी बाटली परत घेऊन धुणार का?

मुंबईत यात एक जास्तीची भानगड आहे. पावसाळ्यात इथल्या हवेचा दवबिंदू २४-२५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. म्हणजे एसी खोलीत २२ अंशांवर ठेवलेली बाटली बाहेरच्या गाळ्यात आणली तरी तिच्यावर पाण्याचा पातळ थर बसतो. तो डोळ्यांना दिसत नाही, बोटाला जाणवतो. त्यावर लावलेलं लेबल काचेला नाही, पाण्याला चिकटतं.

यादी झाली की पहिला निर्णय लगेच होतो. बाटली बर्फाच्या पाण्यात बुडणार असेल तर खरा, दाबून काढलेला उठाव जवळजवळ विसरा. तिथे पी.पी. (प्लास्टिकच्या) फिल्मवर स्क्रीन प्रिंटिंगने चढवलेला जाड, उंच वार्निशचा थर घ्या. बोटाला उठाव लागतो, खाली मात्र लेबल सपाटच असल्याने पोकळी राहत नाही. फळीवर किंवा फ्रिजमध्ये राहणारी बाटली असेल तर कागद आणि खरा उठाव चालतो. बघणाऱ्याला दोन्हींत फार फरक जाणवत नाही, पाण्याला जाणवतो.

थांबा: ‘थोड्या बाटल्या बर्फात जातील, बाकीच्या दुकानात’ असं असेल तर कडक अट धरा, म्हणजे बर्फाची. दोन प्रकारची लेबलं छापून सांभाळण्याचा पसारा छोट्या धंद्याला झेपत नाही.

टप्पा २: बाटली मोजा, तीही एक नव्हे

वेगवेगळ्या खोक्यांतून निदान दहा बाटल्या काढा. काचेच्या बाटल्यांत मिलिमीटरभर फरक सहज निघतो.

साध्या कागदाची सरळ पट्टी लेबलच्या जागी गुंडाळा. पट्टीची दोन्ही टोकं एका रेषेत आली तर बाटली सरळ आहे. एक टोक वर, एक खाली गेलं तर बाटली निमुळती आहे. मग सरळ आयत लेबल तिच्यावर तिरकंच बसणार, त्याला कमानीचा आकार द्यावा लागेल. खात्रीसाठी लेबलच्या वरच्या आणि खालच्या कडेला घेर मोजा. फरक १ मिमीपेक्षा जास्त आला की डिझाइनरला आधीच सांगा.

आता सपाट भाग कुठून कुठवर आहे ते बघा. पट्टी उभी धरून बाटलीला टेकवा आणि मागून उजेड पाडा. खांद्याजवळ जिथून उजेडाची फट दिसायला लागते, तिथून ३ मिमी खाली लेबलची वरची मर्यादा. तळाकडेही तसंच. फुगीर भागावर लेबल चढलं की कडेला चुण्या पडतात, आणि चुणी म्हणजे पाण्याला दार.

पूर्ण गुंडाळायचं लेबल असेल तर घेरात ४ मिमी मिळवा. बाटलीचा व्यास ६० मिमी असेल तर घेर साधारण १८८.५ मिमी, लेबल १९२-१९३ मिमी. टोकावर टोक येतं त्या पट्टीत उठाव अजिबात नको. काचेच्या बाटलीच्या दोन बाजूंना साच्याची बारीक उभी शिवण असते. समोरचं लेबल त्या शिवणीवर जाणार नाही, हेही इथेच ठरवा.

तपासा: बाटलीवर पाण्याचे थेंब टाका. पाणी पसरलं तर ठीक. मोत्यासारखे थेंब उभे राहिले तर बाटलीवर काहीतरी निसरडं आहे. नव्या काचेच्या बाटल्यांवर ओरखडे पडू नयेत म्हणून कारखान्यातच एक मेणचट लेप देतात, आणि कधी कधी तोच गमच्या आड येतो. अशा बाटल्यांवर चाचणी केल्याशिवाय लेबलचे रोल मागवू नका.

टप्पा ३: कागद आणि गम

छापखान्यात ‘क्रोमो चालेल ना?’ असं विचारतील. क्रोमो म्हणजे गुळगुळीत, लेप दिलेला छपाईचा कागद. फळीवरच्या सुक्या बाटलीला चालेल. फ्रिजमध्ये ये-जा असेल तर नाही. क्रोमो भिजला की फुगतो, आणि बोटाने घासलं की छापलेला थर सालपटासारखा निघतो.

खऱ्या उठावासाठी थोडा जाड, खरखरीत, लांब धाग्यांचा कागद लागतो. त्यात ‘वेट स्ट्रेंथ’ जात मागा. ती ओली झाली तरी फाटत नाही. त्यासोबत आणखी एक गोष्ट विचारायला लोक विसरतात: ओला झाल्यावर कागद अपारदर्शक राहतो का? साधा पांढरा कागद भिजला की तेल लागल्यासारखा काळपट दिसतो आणि मागचं लाल कोकम आरपार दिसायला लागतं. लेबल सुटलेलं नसतं, पण गिऱ्हाइकाला बाटली जुनाट वाटते.

पी.पी. फिल्मवर खरा उठाव काढायचा हट्ट धरू नका. प्लास्टिक दाबलं तरी मूळ आकाराकडे परत जातं. मशिनवरून उतरताना उठाव झकास दिसतो, बाटलीवर ताणून बसला की चारआठ दिवसांत निम्मा होतो.

गमचं सोपं आहे. काच आणि पेट (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) बाटलीला कायमस्वरूपी अॅक्रिलिक गम सहसा पुरतो. पी.पी. किंवा एच.डी.पी.ई. प्लास्टिकच्या निसरड्या बाटलीला जास्त चिकट, रबराच्या जातीचा गम लागतो. पारदर्शक फिल्म असेल तर पाण्यात पांढरा न पडणारा गम हवा, हे ऑर्डरमध्ये लिहून द्या. साधा पाण्यावर आधारित अॅक्रिलिक गम बर्फात दुधाळ होतो आणि ‘लेबलच नाही असं दिसणारं लेबल’ ढगाळ होऊन बसतं. बाटल्या परत घेऊन धुणार असाल तर गरम पाण्याच्या धुण्यात सुटणारा गम वेगळा मिळतो.

टप्पा ४: कायद्याचा मजकूर सपाट जागेत बसवा

डिझाइनआधी मजकूर. एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) बोधचिन्ह आणि १४ अंकी परवाना क्रमांक, घटकांची यादी, पोषणमूल्यं, शाकाहारी चिन्ह, नाव-पत्ता, बॅच, तारखा, निव्वळ मात्रा, सर्व करांसह कमाल किंमत, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क. यासाठी दोन नियमावल्या शेजारी ठेवून बसा: एफएसएसएआयचे २०२० चे लेबलिंगचे विनियम आणि वैधमापनाचे (वजन-मापांच्या कायद्याचे) २०११ चे आवेष्टित वस्तू नियम.

यातलं काहीही उठावात घेऊ नका. वैधमापनाच्या नियमांत अंकांच्या किमान उंचीचे दोन रकाने आहेत. एक साध्या छपाईसाठी आणि दुसरा फुंकून, साच्यातून किंवा उठावाने काढलेल्या अंकांसाठी. दुसऱ्यातली उंची मोठी आहे. शोभेसाठी ‘२०० मिलि’ उठावात घ्यायचं आणि मग उंची कमी पडली म्हणून सगळं परत छापायचं, हे उद्योग कोणी सांगितलेत?

शिवाय मजकूर बदलतो. जून २०२४ मध्ये एफएसएसएआयने पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसांच्या लेबलवरून ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला सांगितला. छापील ओळ फाइलमध्ये बदलता येते. तीच ओळ ब्लॉकमध्ये, म्हणजे उठाव दाबणाऱ्या धातूच्या साच्यात, असेल तर पितळ भंगारात. म्हणून उठावात फक्त नाव आणि चिन्ह, म्हणजे जे पाच वर्षं बदलणार नाही तेवढंच.

बॅच आणि किंमत छापायची चौकट सपाट आणि वार्निशशिवाय ठेवा, नाहीतर शाई पुसली जाते. बारकोड ९० अंशांत फिरवून शिडीच्या पायऱ्यांसारखा घ्या. उभ्या रेघा बारीक बाटलीच्या वळणावर मागे पळतात आणि काउंटरवरचा मुलगा तीनदा टिकटिक करून शेवटी आकडे हाताने मारतो.

टप्पा ५: उठावाचं डिझाइन

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि एक मोठी माझीही झाली आहे. कोकमाच्या सहाशे बाटल्यांसाठी मी नक्षीची चौकट काढली होती, उठावाची, कडेपासून जेमतेम १ मिमी आत. दुकानात छान चालली. मग त्याच बाटल्या दादरला एका लग्नात बर्फाच्या टबात गेल्या. दुसऱ्या पंगतीपर्यंत लेबलं टबात होड्यांसारखी तरंगत होती. मी एक सुटलेलं लेबल उलटं करून पाहिलं. मधल्या भागात गम स्वच्छ, कोरडा होता. चौकटीखाली मात्र पाण्याची रेघ चारही बाजूंनी फिरली होती. कडेचा १ मिमीचा काठ हा तिचा बांध, आणि तो एका कोपऱ्यात फुटला तेवढं पुरलं.

तेव्हापासूनचे माझे ठोकताळे असे. लेबलच्या कापाच्या रेघेपासून आत निदान ३ मिमी उठाव नाही, बर्फाची शक्यता असेल तर ५. चौकट हवीच असेल तर छापील किंवा फॉइलची, सपाट. सलग उठावाची रेघ कुठेही नाही. नक्षी असेल तर तुटक, प्रत्येक तुकड्याभोवती चिकटलेला कागद राहील अशी. एकूण उठाव लेबलच्या पाचव्या भागापेक्षा जास्त झाला की मी हात आखडतो. कोपरे गोल, त्रिज्या २-३ मिमी. टोकदार कोपरा टॉवेलला, बोटाला, खोक्याला अडकतो आणि तिथूनच सोलायला सुरुवात होते.

आता देवनागरीबद्दल, कारण ब्लॉकवाल्यांना रोमन अक्षरांची सवय असते. शिरोरेघ म्हणजे शब्दाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला सलग बोगदाच. ‘कोकम’ तीन अक्षरांचं, तिथे निभावतं. ‘सिंधुदुर्ग आवळा सरबत’ एका ओळीत घेतलं तर बाटलीच्या घेराभोवती लांबच लांब उंच कणा तयार होतो, तो वळायला नकार देतो आणि दोन्ही टोकांना लेबल उचलतो. अशा वेळी शब्द दोन ओळींत तोडा, किंवा अक्षरं उठावात घेऊन शिरोरेघ फक्त छापील ठेवा. दुसरा मार्ग ऐकायला विचित्र वाटतो, बोटाला मात्र छान लागतो.

अनुस्वाराचं टिंब १ मिमीपेक्षा लहान असेल तर ब्लॉक कागदाला भोक पाडतो. उकार, ऋकार आणि रफार यांची निमुळती टोकं बोथट करून घ्या. ‘श’, ‘क’, ‘ळ’ यांच्या पोटातली जागा १ मिमीच्या आत आली तर उठाव एकमेकांत मिसळून नुसता फुगवटा दिसतो. रेघेची जाडी निदान ०.७ मिमी हवी. हलक्या वजनाचे टाइप इथे उपयोगाचे नाहीत. ‘मुक्ता’ हा फॉन्ट वापरायचा तर त्याची सर्वात जाड वजनं घ्या आणि अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवा.

तपासा: डिझाइन खऱ्या मापात छापा, जिथे उठाव आहे तो भाग काळा रंगवा, कापून बाटलीवर चिकटवा आणि हातभर अंतरावरून बघा. काळं जास्त दिसतंय? मग कमी करा.

टप्पा ६: फाइल

छापखान्याला एकच चित्र पाठवू नका. छपाई, फॉइल, उठाव आणि काप, असे चार वेगळे थर लागतात. उठावाचा थर एका वेगळ्या स्पॉट रंगात, शंभर टक्के भरीव, व्हेक्टर (फोटो नव्हे, रेषांचा आकार) आणि ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कापता वर बसणं, चालू ठेवून. नाहीतर त्या जागेखालचा रंग उडतो आणि पांढरी किनार दिसते. अक्षरं आउटलाइन करून, म्हणजे फॉन्टऐवजी आकार बनवून, द्या, नाहीतर समोरच्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं फुटतात. हे आजही होतं. कापाबाहेर २ मिमी रंग सोडा. छपाई आणि उठाव थोडे इकडेतिकडे सरकणारच, म्हणून बारीक छापील रेघेवर तंतोतंत बसणारा उठाव ठेवू नका.

टप्पा ७: मशिनवरचा क्रम आणि प्रूफ

क्रम असा: छपाई, फॉइल, वार्निश किंवा लॅमिनेशन, मग उठाव, मग हाफ कट (फक्त लेबल कापायचं, मागचा कागद नाही) आणि शेवटी रोल. उठावानंतर लॅमिनेशन केलं की रोलर तो परत दाबून टाकतो. वार्निश लवचीक हवं. कडक वार्निश उठावाच्या काठावर तडकतं आणि त्या तड्यातून कागद पाणी पितो.

छोट्या ऑर्डरीला मॅग्नेशियमचा ब्लॉक पुरतो, पुन्हा पुन्हा छापणार असाल तर पितळी करा. ब्लॉकचे मेल-फीमेल, म्हणजे उंच आणि खोल, दोन्ही भाग नीट जुळलेले हवेत. उठावाची खोली वाढवायचा मोह होतो. खोल दाबलं की ठसा मागच्या रिलीज पेपरवरही (ज्यावरून लेबल सोलतो तो कागद) उमटतो, तिथे हाफ कटची धार जास्त खोल जाते, आणि लेबल लावताना मशिनवर रिलीज पेपर तटकन तुटतो.

रोल लहान मागवा, सैल गुंडाळलेले. एका रोलवर पाचशे ते हजार लेबलं. घट्ट आणि मोठा रोल आतली लेबलं चेपतो; बाहेरचं लेबल उठावदार आणि कोअरजवळचं (रोलच्या मधल्या नळीजवळचं) सपाट, ही तक्रार जवळजवळ नेहमी गुंडाळणीची असते. लेबल कुठल्या बाजूने बाहेर यायला हवं आणि कोअर केवढा, हे मशिनवाल्याला विचारून चित्र काढून द्या. तोंडी सांगू नका.

थांबा: प्रूफ म्हणजे पीडीएफ नव्हे. खऱ्या कागदावर, खऱ्या ब्लॉकने, मशिनवर काढलेली पन्नास लेबलं हातात आल्याशिवाय पूर्ण ऑर्डरीला होकार देऊ नका.

टप्पा ८: छळ करा

त्या पन्नासांतली वीस लेबलं भरलेल्या बाटल्यांवर लावा आणि २४ तास हात लावू नका. गम पकड घ्यायला वेळ घेतो. लावल्या लावल्या बर्फात टाकून ‘गम खराब आहे’ म्हणणारे कमी नाहीत.

मग पाच बाटल्या बर्फाच्या पाण्यात चार तास. बाहेर काढून अंगठ्याने उठावावर आणि चारही कोपऱ्यांवर वीस-वीस वेळा दाबून घासा. नख लावू नका, गिऱ्हाईक नख लावत नाही, अंगठा लावतं. पाच बाटल्या तीन दिवस फ्रिजमधून बाहेर, बाहेरून आत. पाच बाटल्या खोक्यात घालून टेम्पोतून अंधेरी ते दादर पाठवा. शेजारच्या बाटलीवर घासून आधी उठावाचा माथाच झिजतो, फॉइल असेल तर नक्कीच. झिजला तर खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे घाला, लेबल बदलायची गरज नाही. उरलेल्या पाच तशाच ठेवा, तुलनेसाठी.

टप्पा ९: लावणं

बाटलीवर गळालेलं सरबत हा गमचा सगळ्यात मोठा शत्रू. भरल्यावर बाटली साध्या पाण्याने धुवा, पुसा आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गरम भरलेली असेल तर पूर्ण निवू द्या. जमत असेल तर रिकाम्या, कोरड्या बाटलीवरच लेबल लावा आणि मग भरा. पावसाळ्यात पंखा पुरत नाही. लेबल लावायच्या टेबलाजवळ हवेचा झोत हवा आणि बाटल्या आदल्या रात्रीपासून त्याच खोलीत हव्यात.

हाताने लावत असाल तर लाकडाचा व्ही आकाराचा ठोकळा करून घ्या, बाटली त्यात आडवी राहते. लेबल मधून टेकवा आणि दोन्ही बाजूंना सरका. उठावावर दाबू नका, त्याच्या भोवताली सुती फडक्याने दाबा. मशिन असेल तर कडक रबरी रोलरऐवजी ब्रश किंवा मऊ स्पंज लावून घ्या. कडक रोलर तुमचा पितळी ब्लॉक, प्रूफ आणि मेहनत एका फेरीत सपाट करतो.

तपासा: दर शंभरावी बाटली उजेडात तिरकी धरा. उठावाभोवती चंदेरी चमक दिसली तर तिथे हवा आहे. उठावाखाली ती असणारच, बाहेर पसरायला नको.

उरलेले रोल मूळ प्लास्टिकमध्ये बांधून, फडताळात, आडवे ठेवा. भिंतीला लागून नको, पावसाळ्यात ती ओल धरते. ब्लॉक छापखान्यातच राहिला तर त्यावर तुमचं नाव आणि तारीख असलेली चिठ्ठी चिकटवून या, आणि मंजूर प्रूफमधली दहा लेबलं स्वतःकडे वेगळ्या पाकिटात ठेवा. पुढच्या खेपेला ‘मागच्यासारखंच आहे’ असं कोणी म्हणालं की ते पाकीट उघडायचं आणि दोन्ही उठावांवरून बोट फिरवून बघायचं.